हवेतली अब्दागिरी

नंदकिशोर घाडीगावकर आमच्या मजल्यावर राहायला आला, तेव्हापासून आमच्या मजल्यावरच्या वस्तू बिघडायला घाबरतात. कारण तो बिघडलेली वस्तू नुसती दुरुस्त करत नाही, तिची चौकशी करतो. माझ्या दाराची बेल एकदा दाबली की दोनदा वाजायची. माझी काही तक्रार नव्हती; एका पाहुण्यात दोन पाहुणे आल्याचा आनंद मिळायचा. पण एक दिवस नंदकिशोर बेल वाजवून दारातच उभा राहिला, आत येईना.

"ही दोनदा का वाजते?"

"उत्साही आहे."

"यार, बेल उत्साही नसते. आतली स्प्रिंग दमलेली असते."

लोक खिशाला पेन लावतात तसा हा स्क्रूड्रायव्हर लावतो. चहा निवेपर्यंत माझी बेल एकदाच वाजायला लागली होती, आणि पुढचे चार दिवस मला उगाचच एकटं वाटत होतं.

भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याने नोकरी केली, तीही क्वालिटीत. म्हणजे डब्यावर 'आकाशी' लिहिलंय तर आतला रंग आकाशीच आहे ना, हे जन्मभर बघायचं. निवृत्त झाल्यावरही तो तेच बघतो, फक्त डबे बदललेत. कारखान्यातून तो एकच नियम घरी घेऊन आला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि काम झालं, तर कशाने झालं ते कळलं का? नाही ना? मग ती दुरुस्ती नाही, ती लॉटरी." आमटी खारट झाली तरी तो हाच नियम लावतो. त्याची बायको, म्हणजे आमच्या सुलक्षणावहिनी, मुलुंडच्या एका पतपेढीत नोकरी करून वर असल्या नवऱ्याला आमटी वाढतात. त्यांच्या शांत स्वभावाबद्दल मला जो आदर आहे, तो इथेच नोंदवून ठेवतो.

त्याचा कंप्युटर त्याने स्वतः जुळवलेला आहे. सुटे भाग एकेक करून आणले, हॉलमध्ये चटईवर मांडले आणि गणपतीचं मखर करावं तसा तो उभा केला. बाजूला काच आहे, आतले पंखे रंग बदलत फिरतात. जागेअभावी तो देव्हाऱ्याशेजारीच बसलाय. वहिनी म्हणतात, "देवापुढे एक निरांजन, आणि ह्यांच्या यंत्रात बारा महिने दिवाळी."

कंप्युटर चालू केला की पडद्यावर गावच्या देवीचा फोटो येतो. फक्त देवी. बाकी पडदा लख्ख. एकही फोल्डर नाही, खालची पट्टी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही. सगळं त्याने लपवून ठेवलंय.

"मग तुला फाइल सापडते कशी?" मी विचारलं होतं.

"शोधतो. पण देवीच्या तोंडावर फोल्डर ठेवू? तू देव्हाऱ्यात देवाच्या डोक्यावर लाइटबिल ठेवतोस का?"

"ठेवतो."

"म्हणूनच तुझं बिल जास्त येतं."

त्यांची मुलगी दिशा बंगळुरूला असते. तिने आईवडिलांना एक मोठा टीव्ही पाठवला, फोर-के म्हणतात तसला. चित्र इतकं बारीक की बातम्या देणाऱ्याने सकाळी दाढी घाईत केलीय हे कळतं. नंदकिशोरने तो भिंतीवर चढवला आणि कंप्युटर त्याला जोडला. लगेच दोघांचं बिनसलं. कधी पडदा काळा व्हायचा, कधी चित्र यायचं पण माणसं अडखळत चालायची, कधी टीव्ही 'सिग्नल नाही' असं लिहून मोकळा व्हायचा. नंदकिशोर आनंदात होता. नियमाप्रमाणे एकेक गोष्ट बदलत तो शेवटी केबलपर्यंत पोचला. जुनी केबल एवढं मोठं चित्र वाहून नेण्याच्या ताकदीची नव्हती. नवी आणली, तरी एक खोड राहिली: आधी कंप्युटर चालू केला आणि मग टीव्ही, तर चित्र हलकं यायचं. यावर त्याने मला जे सांगितलं, ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

"टीव्ही थोरल्या घरचा," तो म्हणाला. "त्याला आधी उठवायचं. मग कंप्युटर उठतो, टीव्हीला विचारतो, दादा, तुम्हाला केवढं चित्र चालेल? टीव्ही सांगतो. पण कंप्युटरने हाक मारली आणि टीव्ही झोपलेला असला, तर कंप्युटर मनाला येईल ते करतो. सगळा मानाचा प्रश्न आहे रे."

मानाचा प्रश्न घाडीगावकरांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या गावात दसऱ्याला देवीची पालखी आपट्याच्या झाडापर्यंत सोनं लुटायला जाते. पुढच्या दांडीला खांदा कोणाचा, मागच्या दांडीला कोणाचा, नारळ कोण फोडणार, सगळं ठरलेलं. फक्त अब्दागिरी कोणी धरायची, एवढंच ठरलेलं नव्हतं. अब्दागिरी म्हणजे देवीवर सावली धरायची ती लांब दांड्याची, मोठ्या पानासारखी, जरीची झालर लावलेली छत्री. थोरलं घर म्हणे आमचा मान, धाकटं घर म्हणे आमचा. दोन घरांच्या भांडणात अब्दागिरी कित्येक वर्षं देवळातल्या खुंटीला लटकत राहिली, आणि देवी बिचारी उन्हातून सोनं लुटून आली.

थोरल्या घरचा नंदकिशोर, धाकट्या घरचा बाळा. चुलतभाऊ. दोघांचे वडील एकाच गिरणीत, वेगवेगळ्या पाळीला. भांडुपच्या चाळीत एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं, आणि ही दोन पोरं एकाच गोधडीत वाढलेली. मोठेपणी मात्र अब्दागिरीवरून बोलणं तुटलं. बाळा बसमध्ये कंडक्टर होता, आता दहिसरला चेकनाक्याजवळ राहतो. बोलायचे नाहीत तेव्हाही नंदकिशोरला त्याची खबर असायची. ती कुठून मिळायची ते तो सांगत नसे, पण वहिनींचा आणि बाळाच्या बायकोचा, माधुरीचा, फोन कधीच तुटला नव्हता.

गेल्या दसऱ्याला नंदकिशोरने एक गोष्ट केली, तीही एका वेळी एकच. पालखी निघायच्या आधी तो देवळात गेला, खुंटीवरची अब्दागिरी काढली, झटकली आणि सगळ्या गावासमोर बाळाच्या हातात दिली.

"धर. हात दुखला तर मला सांगायचं नाही."

"हात मोडलो तरी सोडूचंय नाय," बाळा म्हणाला. दोघंही नंतर बराच वेळ भलतीकडेच बघत होते म्हणे.

तेव्हापासून बाळाचा रोज सकाळी फोन यायचा. मी शेजारी असल्यामुळे ते संभाषण मला पाठ होतं. "चाय झालो?" "झाला. तुझा?" "झालो." बस्स. एवढ्यावर दोघांचा दिवस चांगला जायचा.

त्या दसऱ्याचं चित्रण नंदकिशोरने केलं होतं. पालखी आपट्याखाली विसावली तेव्हा सगळी भावकी ओळीने उभी राहिली. कोणीही चौकटीबाहेर राहू नये म्हणून नंदकिशोर मोबाईलचा स्टँड घेऊन मागे मागे सरकत शेवटी शेतात उतरला. डाव्या टोकाचा माणूस ते उजव्या टोकाचा माणूस, कडेला कडा लावून सगळे बसवले, मोबाईल चालू केला आणि धावत जाऊन मधे उभा राहिला. मुंबईला आल्यावर कंप्युटरवर नीट जोडकाम केलं, वर नावं घातली, आणि एका रविवारी संध्याकाळी मुंबईतली सगळी भावकी नाहूरला त्याच्या हॉलमध्ये बोलावली. वीसेक माणसं. मी शेजारी या मानाने दरवाज्यात.

थोरल्या घरचा टीव्ही आधी उठला, मग कंप्युटर उठला. कोपऱ्यातला छोटा मॉनिटर पाहुण्यांना जागा हवी म्हणून बंद करून भिंतीकडे फिरवला. पालखी निघाली. चित्र झकास होतं. ढोलावरची दोरी दिसत होती, आंब्याची पानं मोजता आली असती. लोक एकमेकांना ओळखून ओरडत होते. मग आपट्याखालचं ते ओळीचं दृश्य आलं. डावीकडे पालखी, तिच्या उजवीला भावकीची रांग, आणि पालखीवर तिरकी धरलेली अब्दागिरी. जरीची झालर चमचम करत होती. फक्त ती धरायला कोणी नव्हतं. दांडा पडद्याच्या डाव्या कडेत गुडुप झाला होता आणि पान तेवढं हवेत.

"बघा रे, देवीचो चमत्कार!" मागून कोणीतरी म्हणालं.

"रिमोटवरची आसा काय?"

हॉल हसला. बाळा हसला नाही. त्याने हातातली बशी खाली ठेवली.

"नंदू, मी खंय आसंय ह्याच्यात?"

"आहेस की. डाव्या टोकाला."

"डाव्या टोकाक छत्री आसा. मी नाय."

नंदकिशोर टीव्हीजवळ गेला. कडेवर बोट फिरवलं. बाळा तिथे नव्हता.

"माका कापलंस," बाळा म्हणाला.

"अरे, वेडा आहेस का? तुला कापून अब्दागिरी कशी ठेवीन? ती हवेत राहील का?"

"रवली मां! सगळ्यांनी बघितली."

आणि तो उठला. माधुरीने वहिनींकडे बघून डोळ्यांनीच माफी मागितली, चिवड्याचा डबा उचलला आणि त्याच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. नंदकिशोरने मग स्वतः केला. मी समोरच होतो.

"बाळा, शपथेवर सांगतो, माझ्या मॉनिटरवर तू दिसतोस. आत्ता समोर आहेस. अख्खा."

पलीकडून बाळाचा आवाज मला ऐकू येण्याइतका मोठा होता. "तुझ्या कोपऱ्यातल्या डबड्यात मी दिसतंय आणि चार लोकांत दिसणा नाय. ह्याका काय म्हणतत तां माका म्हायत आसा." फोन बंद. नंतर उचलणंच बंद.

व्हिडिओ मोबाईलवर पाठवून दिला असता तर? मी सुचवलं. नंदकिशोरने माझ्याकडे दयेने बघितलं. "मान मोबाईलवर परत करतात का? तो म्हणेल, नंतर चिकटवलं." त्याला म्हणायचं होतं ते बरोबर होतं. मान गेला होता चारचौघांत, आणि एवढ्या वर्षांनी जुळलेलं नातं त्या चार बोटांच्या पट्टीत अडकलं होतं.

मग शोध सुरू झाला. माझं काम टीव्हीच्या मागे बॅटरी धरायचं. नंदकिशोर एकेक गोष्ट बदलायचा, ते दृश्य लावायचा आणि ओरडायचा, "बाळा आला?" मी पुढे येऊन डावी कड बघायचो आणि ओरडायचो, "नाही आला!" केबल बदलली. बाळा आला? नाही. टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत केबल लावली. बाळा आला? नाही. चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर बदललं, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, मोठ्या चित्राचं छोटं चित्र करून बघितलं. बाळा छोट्या चित्रातही नव्हता. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या मीरा मावशी वर आल्या आणि हळूच वहिनींना म्हणाल्या, "पोलिसांत कळवलंत का? लहान आहे का हो बाळ?"

नंदकिशोरचा चेहरा उतरत चालला होता. यंत्र त्याला फसवत नाही, उशिरा का होईना कबूल होतं, यावर त्याचा विश्वास होता. आणि सकाळी चहा झाल्यावर तो मोबाईलकडे बघायचा, तो उलटा करून ठेवायचा, आणि पुन्हा सुलटा करायचा.

शेवटी तो सोफ्यावर बसला. "टीव्हीचीच डावी बाजू गेलीय. कंपनीचा माणूस बोलावतो."

वहिनी समोर मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग उजवी पण गेली असेल."

"उजवीला काय झालंय?"

"मी पण नव्हते."



"तू कुठे होतीस?"

"उजव्या टोकाला. तुमच्या सगळ्या पुतण्यांच्या पलीकडे."

"अगं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते. चहा उतू जात होता."

नंदकिशोर उठला आणि कोपऱ्यातला मॉनिटर चालू केला. एकदा मॉनिटर, एकदा टीव्ही, टेनिसची मॅच बघावी तसा तो मान फिरवत राहिला. मॉनिटरवर उजव्या टोकाला वहिनी होत्या. टीव्हीवर नव्हत्या. डावीकडून जेवढं गेलं, बरोबर तेवढंच उजवीकडून गेलं होतं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने व्हिडिओ बंद केला. टीव्हीवर देवी आली. तो पुढे झाला, वर बघितलं आणि तोंडात बोटं घातली.

"मुकुटाचा कळस कुठाय?"

कळसही नव्हता. खाली देवीची पावलंही नव्हती. टीव्ही आल्यापासून तो रोज सकाळी कापलेल्या देवीला नमस्कार करत होता. एखादा फोल्डर कडेला असता, कोपऱ्यात घड्याळ असतं, तर अर्धं कापलेलं दिसून पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण देवीपुढे पसारा नको म्हणून यानेच सगळं लपवलं होतं. मान देवीचाही कापला गेला होता, फक्त देवी उठून दहिसरला गेली नाही.

पुढचं काम सोपं होतं. चहूबाजूंनी सारखं कापलं जातंय म्हणजे कापणारा कंप्युटर नव्हेच. आठवडाभर निरपराध यंत्राचं पोट फाडून झाल्यावर नंदकिशोरने रिमोट हातात घेतला आणि टीव्हीच्याच सेटिंगमध्ये शिरला. खोल, खोल, खोल. तिथे चित्राच्या आकाराचं एक बटण होतं. जुन्या काळी प्रक्षेपणाच्या कडा फाटक्या यायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवायचे, म्हणजे कडा चौकटीबाहेर जातात आणि घरच्यांना कळत नाही. ती सवय या नव्या टीव्हीनेही सांभाळली होती. त्याने 'जसं आहे तसं' निवडलं. चित्र चहूकडून आत सरकलं, आणि देवीच्या डोक्यावर कळस आला.

"सॉरी हं," नंदकिशोर म्हणाला. कंप्युटरला.

माधुरीच्या फोनवर वहिनींनी निरोप दिला, "भावोजींना सांग, सापडले." उत्तर संध्याकाळी आलं. बाळा यायला तयार होता, पण अट होती. ज्यांच्यासमोर मान गेला, ते सगळे हजर पाहिजेत. एकही कमी चालणार नाही. नंदकिशोरला अट एकदम पटली; बाळाच्या जागी असता तर त्यानेही हीच घातली असती. पुन्हा वीस फोन झाले. पुन्हा रविवार ठरला.

आणि शनिवारी या माणसाने साफसफाई काढली. शोधाच्या भानगडीत केबल टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत गेली होती. "ज्याची जागा त्याला," म्हणत त्याने ती काढून मूळच्या खाचेत लावली, तारा गुंडाळल्या, धूळ पुसली आणि समाधानाने झोपला.

रविवारी तीच माणसं त्याच जागांवर बसली. बाळा मात्र बसला नाही. कंडक्टरसारखा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. टीव्ही उठला, कंप्युटर उठला, पालखी निघाली, आपट्याखाली आली. आणि अब्दागिरी हवेत.

यावेळी कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

"माधुरी, चप्पल घाल," बाळा म्हणाला.

नंदकिशोर रिमोट घेऊन टीव्हीकडे धावला. एरवी असं झालं की तो गप्प होतो आणि विचार करतो. पण त्या दिवशी विचार करायला बाळा थांबला नसता. "थांब!" तो ओरडला. "थांब रे मेल्या! मी काल केबल हलवली. टीव्ही प्रत्येक खाचेचं वेगळं लक्षात ठेवतो. दुसऱ्या खाचेला सांगितलं होतं, ह्या खाचेला नाही सांगितलं. हे बघ, तू एकटा नाहीस. ही बघ उजवी कड. सुलक्षणा कुठाय? आणि वर? झाडाचा शेंडा कुठाय? सगळ्यांना कापतोय तो! बघ आता."

त्याने सेटिंग उघडलं. वीस माणसं मोठ्याने वाचायला लागली. "खाली जा, खाली!" "तां न्हय, त्याच्या खाली!" "आवाजात गेलो हो, परत फिर!" आणि मग त्याने बटण दाबलं.

चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चहूकडून आत सरकलं. वरून आपट्याचा शेंडा उतरला. डावीकडून आधी अब्दागिरीचा दांडा आला, मग दांड्यावरची घट्ट मूठ, मग बाळा. अख्खा. आधीच नीट केलेलं दाखवलं असतं, तर तो 'नंतर चिकटवलंस' म्हणाला असता. पण तो स्वतःच्या डोळ्यांदेखत, वीस साक्षीदारांसमोर, कडेतून चालत आत आला होता.

"बाळा, एका हातान पाठ खाजवतंस रे!" कोणीतरी ओरडलं. फोर-के असल्यामुळे ते लपणारं नव्हतं.

"खाजवान!" बाळा गरजला. "पण अब्दागिरी हलली काय? बघ. हलली काय ती?"

नव्हती हलली. नंदकिशोरने चित्र तिथेच थांबवलं. बाळा दारातून आत आला, दोन माणसांच्या मधे घुसून टीव्हीसमोर उभा राहिला. स्वतःकडे मनसोक्त बघून झाल्यावर त्याची नजर ओळीवरून फिरत गेली. पालखी, नंदकिशोर, पुतणे, आणि पार उजव्या टोकाला वहिनी. त्यांच्या एका खांद्यावर तीन पर्सा होत्या, दुसऱ्या खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. गळ्यात कोणाचातरी मोबाईल. हातात चपलांचे दोन जोड, कारण पालखीजवळ चपला नेत नाहीत आणि बाहेर ठेवल्या तर कुत्री नेतात. सगळी भावकी मोकळ्या हातांनी रुबाबात उभी होती, ती त्यामुळे.

"वैनी, तू असलंस हयसर?" बाळाने विचारलं.

"होते ना," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या. हातात गाळणं होतं.

"त्या दिवशी तुका पण कापलेली."

"हो. दिसलं मला."

बाळा वळला. मान या विषयात त्या हॉलमध्ये त्याच्याइतका अधिकार कोणाचाच नव्हता, आणि सगळे तो काय म्हणतो याची वाट बघत होते.

"नंदू," तो म्हणाला, "माझो मान गेलो, मी दहिसराक जावन बसलंय. हिचो गेलो, ही चाय गाळूक उठली. आणि तुका म्हायतच नाय?"

जन्मभर नंदकिशोरने डब्याच्या आतला रंग बघितला होता. तो पडद्याजवळ गेला आणि त्या तीन पर्सांच्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

बाळाने मधली खुर्ची उचलली, तिच्यावर बसलेल्या माणसाला न विचारता, आणि टीव्हीच्या बरोबर समोर ठेवली. "वैनी, हयसर बस."

"अहो भावोजी, चहा टाकलाय..."

"चाय जळांदे."

वहिनी बसल्या. गाळणं मांडीवर ठेवलं. स्वतःकडे बघितलं, मान कलती करून पुन्हा बघितलं.

"ही निळी चप्पल कोणाची धरली होती मी? आमच्या ह्यांची काळी आहे."

मागच्या रांगेतून एक दबका आवाज आला, "माझी."

"सोल गेलाय तिचा. नवी घ्या." मग त्या नंदकिशोरकडे वळल्या. "आता पहिल्यापासून लावा. मी आत होते, मला धड काहीच बघायला मिळालं नाही."

नंदकिशोरने पहिल्यापासून लावलं. स्वयंपाकघरातून जळका वास यायला लागला तेव्हा बाळा उठला आणि गॅस बंद करून आला. चहाचं नाव त्या संध्याकाळी कोणी काढलं नाही.